डोमेन एका घराने सरकतो : आधी फरकाचा आकडा मोजा

जनुकाची किंवा प्रथिनाची आकृती तयार होते, चौकोन, बाण, रंग सगळे जागच्या जागी दिसतात, आणि मूळ नोंद शेजारी ठेवून पाहिली की कळते: एक्झॉन (जनुकाचा मेसेंजर आरएनएत टिकणारा तुकडा) एका बेसने, म्हणजे डीएनएच्या एका अक्षराने, पुढे गेला आहे, डोमेन (प्रथिनातला ठरावीक भाग) एका अमिनो आम्लाने मागे आहे, म्युटेशनची खूण शेजारच्या अक्षरावर बसली आहे. माऊसने चौकोन ओढून जागेवर आणला की तेवढ्यापुरते भागते. पण त्याच फाईलवरून पुन्हा आकृती काढली की चूक परत हजर, कारण ती चौकोनात नसतेच. ती आकडे एका साधनातून दुसऱ्यात नेताना शिरलेली असते.

म्हणून पहिली गोष्ट: चौकोन हलवू नका. फरक नेमका किती आहे तो मोजा. १ चा फरक, ३ चा फरक, ५० चा फरक, हजारांचा फरक, वाढत जाणारा फरक, आणि आरशातल्यासारखी उलटलेली आकृती, या प्रत्येकाचे कारण वेगळे असते आणि आकडाच ते सांगतो.

चूक इतके दिवस लपून का राहते, तेही समजून घ्या. १६०८ बेसचे जनुक १७ सेंटिमीटर रुंदीत काढले तर एक बेस साधारण ०.१ मिलिमीटरचा होतो. एवढा सरकलेला चौकोन डोळ्याला दिसत नाही. तेच १४७ अमिनो आम्लांचे प्रथिन त्याच रुंदीत काढले की एक घर सव्वा मिलिमीटरच्या जवळ जाते आणि चूक लगेच डोळ्यात भरते. चूक मात्र दोन्हीकडे सारखीच असते. आकृती बरोबर दिसते म्हणून ती बरोबर आहे असे कधीच धरू नये.

घरे मोजायची की रेघा

शाळेतली फूटपट्टी डोळ्यांसमोर आणा. पट्टीवर रेघा असतात आणि रेघांच्या मध्ये घरे. काही फाईली घरे मोजतात: पहिला बेस म्हणजे १ क्रमांकाचे घर. काही रेघा मोजतात: पहिला बेस ० आणि १ या रेघांच्या मध्ये. ५ ते ८ ही घरे, दोन्ही धरून, ४ भरतात. तीच ४ घरे रेघांच्या हिशेबात ४ ते ८ होतात. शेवटचा आकडा दोन्हीकडे तोच राहतो, बदलते ती फक्त सुरुवात. हे एक वाक्य पाठ असले की निम्म्या चुका जागीच पकडता येतात.

जनुकांची माहिती ठेवणाऱ्या जेनबँक, जीएफएफ३, जीटीएफ आणि व्हीसीएफ या फाईली, प्रथिनांचा युनिप्रॉट हा संग्रह, क्रम जुळवणाऱ्या ब्लास्टचे निकाल आणि म्युटेशन लिहिण्याची एचजीव्हीएस पद्धत, ही सगळी मंडळी घरे मोजतात. बेड फाईल (जनुकांच्या जागांचा साधा तक्ता) आणि पायथनमधले जवळपास सगळे, त्यात बायोपायथन हे जीवशास्त्राचे पॅकेजही आले, रेघा मोजतात. आर भाषा पुन्हा घरे मोजते. यूसीएससी जिनोम ब्राउझरमध्ये तर दोन्ही पद्धती एकाच ठिकाणी नांदतात: वरच्या चौकटीत दिसणारा पत्ता घरांचा असतो, आणि तिथूनच उतरवून घेतलेल्या तक्त्यातली सुरुवात रेघांची असते. एक आकडा पडद्यावरून आणि दुसरा तक्त्यातून उचलला की १ चा फरक ठरलेलाच.

लांबी काढायचे सूत्रही वेगळे: घरे मोजणाऱ्या फाईलीत शेवट वजा सुरुवात अधिक १, रेघा मोजणाऱ्या फाईलीत नुसते शेवट वजा सुरुवात.

तपासणीसाठी एक जनुक : एचबीबी

साधन कोणतेही असो, ज्याचे सगळे आकडे आधीच ठाऊक आहेत असे एक जनुक त्यातून काढून पाहावे. त्यासाठी मानवी बीटा-ग्लोबिनचे एचबीबी हे जनुक उत्तम. ते लहान आहे, त्यात तीनच एक्झॉन आहेत, ते उलट्या स्ट्रँडवर (डीएनएच्या दोन धाग्यांपैकी उलट दिशेने वाचायच्या धाग्यावर) आहे, आणि सिकलसेलचे म्युटेशन त्यातच आहे. सिकलसेल विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात बराच आढळतो, त्यामुळे आपल्याकडे या जनुकाची आकृती काढायची वेळ तशीही अनेकांवर येते.

मानवी जिनोमच्या जीआरसीएच३८ या आवृत्तीत हे जनुक ११ व्या गुणसूत्रावर ५२२५४६४ ते ५२२७०७१ या घरांत आहे, लांबी १६०८. उलट्या स्ट्रँडवर असल्यामुळे मोठ्या आकड्याकडून लहान आकड्याकडे वाचायचे. एक्झॉन १ : ५२२६९३० ते ५२२७०७१, लांबी १४२. एक्झॉन २ : ५२२६५७७ ते ५२२६७९९, लांबी २२३. एक्झॉन ३ : ५२२५४६४ ते ५२२५७२६, लांबी २६३. मधले इंट्रॉन (दोन एक्झॉनांमधले, नंतर गळणारे भाग) १३० आणि ८५० बेसचे. बेरीज करा, १६०८ च येते.

एनएम_०००५१८.५ या नोंदीतला मेसेंजर आरएनए ६२८ बेसचा आहे. त्यात प्रथिनाचा भाग ५१ ते ४९४ या घरांत, म्हणजे ४४४ बेस: १४७ अमिनो आम्लांचे ४४१ आणि थांबा-कोडॉनचे (प्रथिन संपवणाऱ्या तीन अक्षरांच्या गटाचे) ३. नोंदीच्या नावातला बिंदूनंतरचा आकडा सोडू नका. आवृत्ती बदलली की लांबीही बदलू शकते.

हेच जनुक १२ रकान्यांच्या बेड फाईलीत असे बसते: सुरुवात ५२२५४६३, शेवट ५२२७०७१, जाड भाग (म्हणजे प्रथिनाचा) ५२२५५९७ ते ५२२७०२१, तुकड्यांच्या लांब्या २६३, २२३, १४२, आणि तुकड्यांच्या सुरुवाती ०, १११३, १४६६. या शेवटच्या सुरुवाती गुणसूत्रावरच्या नसतात, जनुकाच्या सुरुवातीपासून मोजलेल्या असतात. शेवटच्या तुकड्याची सुरुवात अधिक त्याची लांबी, १४६६ अधिक १४२, बरोबर १६०८ यायलाच हवी. नाही आली तर फाईल चुकली आहे, साधन नाही.

फरक १ चा असेल

आधी लांबी पाहा. चौकोनाची लांबी १ ने कमी किंवा जास्त भरत असेल तर घरे आणि रेघा यांची सरमिसळ झाली आहे आणि एकच टोक सरकले आहे. बेडची सुरुवात १ न मिळवता जीएफएफ३ मध्ये टाकली, तर चौकोन डावीकडे एक बेस लांबतो. उलट दिशेने, जीएफएफ३ ची सुरुवात १ वजा न करता बेडमध्ये टाकली, तर पहिला बेस गळतो. उलट्या स्ट्रँडवर डावे टोक म्हणजे जनुकाच्या त्या तुकड्याचा शेवट, त्यामुळे एचबीबीच्या बाबतीत गळतो तो एक्झॉनचा शेवटचा बेस. एक्झॉन सुरू बरोबर होतो पण एक बेस आधी संपतो, असे दिसले तर उलटा स्ट्रँड आणि हीच चूक.

लांबी बरोबर आहे पण दोन्ही टोके १ ने सरकली आहेत, असे असेल तर कारण वेगळे. प्रथिनाच्या आकृतीत ते बहुतेक वेळा पहिले मेथिओनीन असते. बीटा-ग्लोबिन तयार होताना १४७ अमिनो आम्लांचे असते. पहिले मेथिओनीन कापले जाते आणि १४६ उरतात. युनिप्रॉटमधली पी६८८७१ ही नोंद १४७ मोजते आणि तयार साखळी २ ते १४७ अशी दाखवते. हिमोग्लोबिनच्या त्रिमितीय रचनांच्या नोंदी आणि रक्तशास्त्राचे जुने लिखाण व्हॅलीनपासून १ मोजते. त्यामुळे सिकलसेलचा बदल एके ठिकाणी ग्लुटामिक आम्ल ६, तर दुसरीकडे ग्लुटामिक आम्ल ७ असा लिहिलेला सापडतो. दोन्ही बरोबर आहेत. याच साखळीतल्या हिमोग्लोबिन ई या बदलाचे २६ आणि २७, डी-पंजाब या बदलाचे १२१ आणि १२२, यांचेही तेच. आकृतीत एक डोमेन युनिप्रॉटमधून आणि एक खूण रक्तशास्त्राच्या लेखातून घेतली की त्या एकमेकींपासून १ घर दूर पडणारच.

इथे एक फसवी जागा आहे, आणि ती नीट पाहण्यासारखी आहे. बीटा-ग्लोबिनची सुरुवात अशी: मेथिओनीन, व्हॅलीन, हिस्टिडीन, ल्युसीन, थ्रिओनीन, प्रोलीन, ग्लुटामिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल, लायसीन. ७ वे आणि ८ वे दोन्ही ग्लुटामिक आम्लच. पायथनमध्ये ७ क्रमांकाचे अक्षर मागितले की ते खरे तर आठवे देते, आणि तिथेही ग्लुटामिक आम्लच असल्यामुळे तपासणी चुकून उत्तीर्ण होते. डीएनएतही ७ वा आणि ८ वा कोडॉन दोन्ही जीएजी. म्हणून एका अक्षरावर कधीच विसंबू नका, आजूबाजूची किमान तीन-चार अक्षरे जुळवा. प्रोलीन, ग्लुटामिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल, लायसीन असा क्रम आला पाहिजे आणि खूण प्रोलीनच्या लगेच नंतरच्या घरावर हवी. १४७ वाल्या साखळीत ६ वर खूण केली तर ती थेट प्रोलीनवर बसते. ही चूक निदान स्वतःहून ओरडते.

डीएनए पातळीवर हाच बदल प्रथिनाच्या भागातल्या २० व्या बेसवर आहे: जीएजीचा जीटीजी होतो. मेसेंजर आरएनएत तो ५० अधिक २०, म्हणजे ७० वर. गुणसूत्रावर ५२२७०७१ वजा ६९, म्हणजे ५२२७००२ वर. बेडमध्ये ५२२७००१ ते ५२२७००२. संदर्भ क्रमात त्या जागी टी दिसतो, ए नाही, कारण संदर्भ सुलट्या स्ट्रँडचा असतो. हे पाहून आकडा चुकला असे समजून तो पुढे-मागे करणे ही फार नेहमीची चूक आहे. आकडा बरोबर असतो, फक्त अक्षराची जोडी घ्यायची असते.

फरक ३ चा किंवा ५० चा

प्रथिनाचा भाग ४४४ ऐवजी ४४१ भरत असेल तर फाईल जीटीएफ आहे. त्या पद्धतीत थांबा-कोडॉन प्रथिनाच्या भागात धरत नाहीत, तो वेगळ्या ओळीत असतो. जीएफएफ३ आणि जेनबँक तो धरतात. एचबीबीच्या शेवटच्या तुकड्यात हा फरक डावीकडे पडतो: जीएफएफ३ मध्ये ५२२५५९८ ते ५२२५७२६, जीटीएफमध्ये ५२२५६०१ ते ५२२५७२६. दोन प्रजातींची जनुके शेजारीशेजारी काढताना एकीची फाईल जीटीएफ आणि दुसरीची जीएफएफ३ असेल, तर दुसरीचे प्रथिन एका अमिनो आम्लाने मोठे असल्याचा भास होतो.

५० चा फरक म्हणजे प्रथिनाच्या भागाच्या आकड्यांना मेसेंजर आरएनएचे आकडे समजले गेले. एचबीबीत भाषांतर सुरू होण्याआधीचा भाग ५० बेसचा असल्यामुळे हा आकडा येतो. दुसऱ्या जनुकात तो त्या भागाच्या लांबीएवढा येईल. फरकाचा आकडा त्या लांबीशी जुळला की शोध संपला.

फरक हजारांत असेल

एचबीबीची आकृती २१२३० बेसने सरकली असेल तर एक फाईल जीआरसीएच३७ ची आणि दुसरी जीआरसीएच३८ ची आहे. सिकलसेलची जागा जुन्या आवृत्तीत ५२४८२३२, नव्या आवृत्तीत ५२२७००२. हा २१२३० चा फरक फक्त या भागापुरता. दुसऱ्या जनुकाला तो लागू करायला जाऊ नका. आकडे हाताने वजा न करता लिफ्टओव्हरसारख्या साधनाने बदलावेत, किंवा त्याहून बरे म्हणजे दोन्ही फाईली एकाच आवृत्तीच्या पुन्हा उतरवून घ्याव्यात.

फरक पुढे पुढे वाढत किंवा बदलत जातो

सुरुवातीला खुणा जुळतात आणि पुढे सरकत जातात, याची दोन कारणे.

पहिले, इंट्रॉन मोजायचे राहिले. अमिनो आम्लाचा क्रमांक «न» मानला तर प्रथिनाच्या भागात त्याचा कोडॉन ३न−२ ते ३न या घरांत असतो. इथपर्यंत सगळे बरोबर करतात. गाडी अडते ती कोडॉन इंट्रॉनने तोडलेला असतो तिथे. एचबीबीच्या पहिल्या एक्झॉनमध्ये प्रथिनाचे ९२ बेस आहेत: ३० पूर्ण कोडॉन आणि २ बेस. म्हणजे ३१ व्या अमिनो आम्लाचे पहिले दोन बेस एक्झॉन १ मध्ये आणि तिसरा एक्झॉन २ मध्ये. जनुकाच्या सुरुवातीपासून मोजले तर ती घरे १४१, १४२ आणि मग थेट २७३. सरळ १४१ ते १४३ असा चौकोन काढला तर तिसरा बेस इंट्रॉनमध्ये पडतो आणि तिथून पुढची प्रत्येक खूण एक्झॉन २ मध्ये १३० आणि एक्झॉन ३ मध्ये ९८० घरांनी चुकते. डोमेन एक्झॉनवर उतरवताना तो तुकड्यांत कापावाच लागतो. एक सलग चौकोन चालत नाही.

जीएफएफ३ च्या आठव्या रकान्यातला फेज याच कामासाठी असतो. पुढचा पूर्ण कोडॉन सुरू होण्याआधी किती बेस सोडायचे, ते तो सांगतो. एचबीबीत एक्झॉन १ चा फेज ०, एक्झॉन २ चा १, एक्झॉन ३ चा पुन्हा ०, कारण ९२ अधिक २२३ म्हणजे ३१५ आणि त्याला ३ ने निःशेष भाग जातो. यूसीएससीच्या तक्त्यात मात्र फ्रेम असते. ती आधीच्या एक्झॉनमध्ये कोडॉनचे किती बेस होऊन गेले ते सांगते, त्यामुळे त्याच एक्झॉन २ ची फ्रेम २ येते. एकीच्या जागी दुसरी टाकली तर भाषांतर दुसऱ्या एक्झॉनपासून बिघडते आणि मध्येच थांबा-कोडॉन दिसू लागतात.

दुसरे कारण, अलाइनमेंटमधला (एकाखाली एक जुळवून मांडलेल्या क्रमांमधला) रकान्याचा क्रमांक आणि अमिनो आम्लाचा क्रमांक एकच समजणे. अलाइनमेंटमध्ये रिकाम्या जागी आडव्या रेघा असतात आणि प्रत्येक रेघेगणिक फरक एकाने वाढतो. अल्फा आणि बीटा ग्लोबिन शेजारी ठेवली की ऑक्सिजनजवळचे हिस्टिडीन एकाच रकान्यात येते, पण अल्फात ते ५८ आणि बीटात ६३. लोहाला धरणारे हिस्टिडीन अल्फात ८७, बीटात ९२. हे आकडे मेथिओनीन सोडून मोजलेले आहेत. रकान्यावरून क्रमांक हवा असेल तर त्या रकान्यापर्यंतची, तो धरून, फक्त अक्षरे मोजायची, रेघा सोडायच्या. अलाइनमेंट दाखवणाऱ्या जेलव्ह्यूमध्ये अक्षरावर कर्सर ठेवला की खालच्या पट्टीत त्या साखळीतला खरा क्रमांक दिसतो. वरच्या पट्टीवरचा आकडा मात्र रकान्याचा असतो.

आकृती आरशातल्यासारखी

उलट्या स्ट्रँडवरचे जनुक डावीकडून उजवीकडे वाचता येईल असे काढायचे असेल तर सगळे आकडे उलटावे लागतात. घरे मोजणाऱ्या पद्धतीत: नवी सुरुवात म्हणजे लांबी वजा जुना शेवट अधिक १, आणि नवा शेवट म्हणजे लांबी वजा जुनी सुरुवात अधिक १. रेघांच्या पद्धतीत दोन्हीकडचा अधिक १ गळतो. इथे जुने आकडे तुकड्याच्या सुरुवातीपासून मोजलेले हवेत, गुणसूत्रावरचे नकोत. एचबीबी नीट उलटले तर एक्झॉन १ ते १४२, २७३ ते ४९५ आणि १३४६ ते १६०८ असे यायला हवेत.

जनुकांचे बाण काढणाऱ्या आरच्या जीजीजीन्स पॅकेजमध्ये बाणाची दिशा सुरुवात-शेवटाच्या क्रमावरूनही ठरते आणि फॉरवर्ड या पर्यायावरूनही. उलट्या जनुकासाठी सुरुवात मोठी, शेवट लहान असे दिले आणि वर फॉरवर्ड खोटे ठेवले, तर दोनदा उलटून बाण पुन्हा उजवीकडे वळतो. दोहोंपैकी एकच वापरा. लहान आकडा नेहमी सुरुवातीला ठेवून दिशा फॉरवर्डने सांगणे जास्त सुरक्षित, कारण जीएफएफ३ मध्येही सुरुवात कधीच शेवटापेक्षा मोठी नसते आणि तक्ता जसाच्या तसा वापरता येतो.

एक्झॉनना क्रमांक देताना डावीकडून १, २, ३ असे आपोआप टाकले की उलट्या स्ट्रँडवर तिसऱ्या एक्झॉनला पहिला म्हटले जाते. आकृती छापून झाल्यावर लक्षात येणारी ही चूक. क्रमांक टाकण्याआधी स्ट्रँड पाहण्याची सवयच लावून घ्यावी.

आकडे बरोबर, तरी चौकोनांमध्ये फट

१ ते ५० आणि ५१ ते १०० असे दोन लागून असलेले डोमेन काढले की मध्ये बारीक पांढरी रेघ दिसते, आणि एकाच अमिनो आम्लाची खूण तर दिसतच नाही. साधन १ पासून ५० पर्यंत आणि ५१ पासून १०० पर्यंत रंग भरते, मधला ५० ते ५१ हा पट्टा कोरा राहतो. सुरुवात आणि शेवट एकच असलेल्या खुणेची रुंदी शून्य भरते. उपाय: घरांचे आकडे चित्रात उतरवताना सुरुवातीतून ०.५ वजा करा, शेवटात ०.५ मिळवा. ५० वे घर ४९.५ ते ५०.५ होते, फट जाते आणि एकाक्षरी खूणही उमटते. जीजीप्लॉट असो वा मॅटप्लॉटलिब, चौकोन स्वतः काढत असाल तर हे करावेच लागते.

पीडीएफ मोठी करून पाहिली तरी रेघ तेवढीच बारीक राहत असेल, तर ती फट नाही, पाहणाऱ्या प्रोग्रामची कडा गुळगुळीत करण्याची करामत आहे. चौकोनाला त्याच रंगाची पातळ किनार दिली की ती जाते.

वर्तुळाकार प्लाझ्मिड

पीयूसी१९ हे प्लाझ्मिड (लहान वर्तुळाकार डीएनए) २६८६ बेसचे. समजा एक भाग २६५० पासून सुरू होऊन वळसा घालून ४० वर संपतो. त्याची लांबी ३७ अधिक ४०, म्हणजे ७७. जेनबँकमध्ये तो २६५० ते २६८६ आणि १ ते ४० असा दोन तुकडे जोडून लिहितात. जे साधन या तुकड्यांतला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा तेवढा घेते, ते त्या ७७ बेसच्या भागाचा बाण अख्ख्या वर्तुळाभोवती फिरवते. बाण सबंध प्लाझ्मिडला वेढून बसलेला दिसला की हेच कारण. दोन तुकडे दोन स्वतंत्र भाग म्हणून काढा आणि नाव एकालाच द्या. किंवा आकृतीपुरती प्लाझ्मिडची सुरुवात दुसरीकडे हलवा, मग सगळे आकडे त्याच प्रमाणात बदलतात हे लक्षात ठेवून.

साधनागणिक काय पाहायचे

बायोपायथन जेनबँक फाईल वाचताना सुरुवातीतून १ स्वतःच वजा करते. ५१ ते ४९४ हा भाग छापून पाहिला तर ५० आणि ४९४ असा दिसतो. तो चुकीचा समजून हाताने पुन्हा १ वजा केला की दुहेरी वजाबाकी होते. हाताने भाग तयार करताना मात्र ५० आणि ४९४ च लिहायचे. बायोपायथनमधल्या जीनोमडायग्रामने काढलेल्या आकृतीतली चूक बहुतेक वेळा याच दोन जागांपैकी एका जागी सापडते.

पायथनच्या डीएनए फीचर्स व्ह्यूअरमध्ये पट्टी आपोआप ० पासून सुरू होते. गुणसूत्राचा तुकडा काढत असाल तर फर्स्ट-इंडेक्स या पर्यायात तुकड्याची सुरुवात द्या आणि भागांचे आकडेही त्याच मोजणीचे ठेवा. पट्टी गुणसूत्राची आणि भाग तुकड्याचे, अशी सरमिसळ झाली की आकृती कोरी येते, कारण भाग चौकटीच्या बाहेर पडलेले असतात. जीजीजीन्समध्ये जनुकाच्या आतला उपभाग हद्दीबाहेर एक बेस जरी गेला तरी तो काढला जात नाही, फक्त एक सूचना येते. सूचना वाचायची सवय नसेल तर डोमेन का गायब झाला याचा शोध दिवसभर चालतो.

एक्सेलमधून तक्ता जात असेल तर आणखी एक धोका. डोमेनची हद्द ३-१२ अशी एकाच घरात लिहिली की एक्सेल तिची तारीख करून टाकते. सुरुवात आणि शेवट नेहमी दोन वेगळ्या रकान्यांत ठेवा. जनुकांच्या नावांनाही हाच त्रास होत असे, आणि २०२० मध्ये नावे ठरवणाऱ्या एचजीएनसी समितीने सप्टेंबर आणि मार्चसारखी वाचली जाणारी नावे बदलली ती त्यामुळेच. ब्राउझरमधून चिकटवलेल्या आकड्यांत स्वल्पविराम राहिले तर अनेक साधने तो आकडा न मानता मजकूर मानतात. जीएफएफ३ मध्ये रकान्यांच्या मध्ये टॅब हवा. चार स्पेस दिसायला टॅबसारख्या दिसतात, पण साधनाला सगळी ओळ एकच रकाना वाटते.

दुरुस्ती करताना

आकडे ज्या ठिकाणाहून येतात तिथेच बदला, आकृतीच्या फाईलीत नाही. एक मधला तक्ता ठेवा, त्यात सगळे आकडे एकाच पद्धतीचे, घरांचे किंवा रेघांचे, आणि ती पद्धत रकान्याच्या नावातच लिहा: «सुरुवात_१» किंवा «सुरुवात_०». प्रत्येक भागापुढे त्याची लांबी आणि पहिली चार अक्षरे असे दोन रकाने जोडा. आकृती काढण्याआधी क्रमातून तीच अक्षरे काढून जुळवून पाहा. प्रथिनाच्या भागाची पहिली तीन अक्षरे एटीजी हवीत, शेवटची तीन थांबा-कोडॉन, आणि लांबीला ३ ने भाग जायला हवा. उलट्या स्ट्रँडवर अक्षरे आधी उलटून जोडीने बदलून घ्या, नाहीतर एटीजीच्या जागी सीएटी दिसेल.

आकृतीखालच्या ओळीत जिनोमची आवृत्ती, नोंदीचा बिंदूसकट क्रमांक, आणि प्रथिनाची मोजणी मेथिओनीन धरून आहे की सोडून, एवढे लिहा. सिकलसेलच्या खुणेशेजारी «७, मेथिओनीन धरून» एवढे लिहिलेले असले की ६ वाचायची सवय असलेल्या डॉक्टरलाही आकृती चुकली आहे असे वाटत नाही.